जॅकवरचा गणपती

आमचं जे. पी. नगरचं घर रस्त्याच्या खाली कधी गेलं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. घर होतं तिथंच होतं, रस्ता वर आला. दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर पडायचं आणि अण्णा फाटकाशी उभे राहून कामगारांना कन्नडमध्ये सुनवायचे, की जुनं आधी खरवडा. कुणी कधी खरवडलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीकडून तरुणपणी इथं आले, एका यंत्रांच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलं आणि हे दोन मजली घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं. पुढं पुढं फाटकातून अंगणात यायला तीन पायऱ्या उतराव्या लागायला लागल्या, आणि मोठा पाऊस झाला की रस्त्याचं पाणीही त्याच तीन पायऱ्या उतरून हॉलमध्ये यायचं. गेल्या वर्षी ते सोफ्याच्या गादीपर्यंत आलं.

परदेशातल्या माझ्या भावानं फोनवर निकाल देऊन टाकला: पाडा, बिल्डरला द्या, फ्लॅट घ्या. अण्णांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, आपण घर उचलून घेऊया. आई गेल्यापासून ते एकटेच असतात, त्यामुळे मला पहिली शंका त्यांच्या डोक्याचीच आली. मी एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. एकोणीस वर्षं झाली. घर ही उचलायची वस्तू नाही, एवढं मला नोकरीच्या जोरावर तरी ठाऊक होतं.

पण अण्णांनी सगळी चौकशी करून ठेवली होती. हरियाणातून आलेली एक टोळी शहरात हेच काम करत फिरत होती. भिंती पायापासून थोड्या थोड्या कापायच्या, त्यांच्याखाली लोखंडी चॅनल सरकवायचे, चॅनलच्या खाली ट्रक उचलायला वापरतात तसले स्क्रूचे जॅक लावायचे आणि सगळे जॅक बरोबरीनं फिरवत घर वर न्यायचं. साडेतीन फूट. मग खालची मोकळी जागा विटांनी बांधून काढायची. तळमजल्याची फरशी जाते, पण वरच्या मजल्यावर माणसं राहिली तरी चालतं, असं त्या टोळीचा मिस्त्री म्हणाला. तो किडकिडीत, कमी बोलणारा माणूस होता. मी त्याला शिक्षिकेच्या थाटात दहा प्रश्न विचारले. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतले आणि एकच उत्तर दिलं.

"मॅडम, घर को मालूम नहीं पड़ना चाहिए."

काम गणपतीच्या आधी संपणार होतं. ते संपलं नाही, कारण मध्ये पावसानं आठ दिवस खाल्ले. चतुर्थीला घर चौतीस इंच वर आलं होतं, आठ इंच बाकी होते आणि सगळा डोलारा सव्वाशे जॅकवर उभा होता. मी म्हटलं, या वर्षी गणपती माझ्याकडे, एचएसआर भागातल्या माझ्या फ्लॅटवर बसवूया. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय तिथंच सोडला. गणपती घरचा असतो, मग घर जमिनीवर असो नाहीतर जॅकवर. टोळीला पाच दिवसांची सुट्टी दिली. माती कोरडी असेल तोवर घर असं राहू शकतं, असं मिस्त्रीनंच सांगितलं होतं.

वर जायला बाहेरून जिना आहे, सतरा पायऱ्यांचा. घर जसजसं वर जाई, तसतसा तोही जमीन सोडून वर जाई, आणि खाली पडलेल्या फटीत टोळीतला एक गवंडी विटा रचून नवी पायरी करून देई. चतुर्थीला अण्णा हातात शाडूची मूर्ती घेऊन, मी मागून त्यांना सावरत, असा आमचा गणपती वर गेला. ते पायऱ्या मोठ्यानं मोजत होते. बावीस भरल्या.

इथं आमच्या घरच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. गणपती बसला की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलता कामा नये. पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली की यजमान मूर्तीला हात लावून तिला जागेवरून किंचित सरकवतो. ते सरकवणं म्हणजे देवाला निरोप, त्यानंतर राहते ती माती. बऱ्याच घरांत हे एवढ्या काटेकोरपणे कुणी मनावर घेत नाही. अण्णा घेतात. लहानपणी आम्ही भावंडं त्या पाच दिवसांत चौरंगाजवळून अंग चोरून जायचो. एकदा माझ्या परकराचा काठ चौरंगाला घासला, तर अण्णांनी मला दिवसभर त्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. मूर्ती आधीच हलली, तर देव निरोप न घेता गेला, असं ते मानतात. टूलरूममध्ये केसाच्या जाडीचे फरक मोजत जगलेला माणूस तो, त्याच्या भक्तीतही तेच माप आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच मिस्त्री आला. आदल्या संध्याकाळी पाऊस झाला होता आणि पायाशेजारच्या चरात पाणी उतरलं होतं. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. तो म्हणाला, की उरलेले आठ इंच आजच घ्यायला हवेत. पूर्ण उंची गाठली की लगेच कोपऱ्यांच्या खाली विटांचं बांधकाम चढवता येईल. नाहीतर माती भिजेल, एखादा कोपरा बसेल, आणि एक कोपरा बसला तर घर तडकेल.

अण्णा नाही म्हणाले. देव बसलाय, परवा उत्तरपूजा झाल्यावर काय ते करा. मी म्हटलं, मग उत्तरपूजा आजच करूया, तीन दिवसांचा गणपती लोक बसवत नाहीत का? ते म्हणाले, पाच दिवसांचा संकल्प सोडलाय. मिस्त्री वाद न घालता जिन्याच्या तळाशी उकिडवा बसून राहिला. अण्णा खिडकीतून एकदा आभाळाकडे बघत आणि एकदा मूर्तीकडे. घर वाचवायचं तर देव हलणार आणि देव राखायचा तर घर जाणार, आणि दोन्ही त्यांचीच. मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त दया येत होती.

शेवटी मी तेच केलं जे मला येतं. मी शिकवायला लागले. म्हटलं, अण्णा, हलणं म्हणजे काय? मूर्ती चौरंगावर, चौरंग फरशीवर, फरशी भिंतींना धरलेली. सगळं एकदम वर जाणार. मूर्ती चौरंगावरून सरकणार नाही, डुगडुगणारही नाही. झटका बसला तरच वस्तूला कळतं की आपल्याला कुणीतरी हलवलं. झटका नसेल तर स्थिर असणं आणि संथ, एकसारखं चालत राहणं यांत काही फरकच नाही. हा पहिला नियम आहे, दर वर्षी जूनमध्ये मी तो फळ्यावर लिहिते.

"फळ्यावर कायपण लिहिता येतंय," अण्णा म्हणाले. "मला दिसलं पाहिजे."

मग मी देवापुढचं फुलपात्र उचललं, ते काठोकाठ भरलं, इतकं की पाणी काठाच्या वर फुगून आलं, आणि चौरंगावर मूर्तीच्या शेजारी ठेवलं. म्हटलं, यातला एक थेंब सांडला तर काम थांबवायचं. टूलरूमच्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. यंत्र बसवताना ते स्वतः पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा बघत तासनतास बसलेले आहेत. त्यांनी बराच वेळ त्या फुगलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"सरी," ते कन्नडमध्ये हो म्हणाले. "पण मी हितनं उठणार नाही."

ते चौरंगासमोर पाटावर मांडी घालून बसले. मी खिडकीशी खाली बसले. तो नियम मी शेकडो मुलांना सांगितला होता, पण त्यावर माझा बाप कधी बसलेला नव्हता.

खालून पहिला ठोका आला. मिस्त्री लोखंडी पहारीनं पाइपवर ठोका द्यायचा. एक ठोका पडला की बारा माणसं आपापल्या ओळीतले जॅक पाव फेरा फिरवायची, आणि सगळ्यांचे फिरवून झाल्याशिवाय दुसरा ठोका पडायचा नाही. मी वाट पाहत होते, की आता भिंती करकरतील, पंखा झुलेल, निदान माझ्या बुडाखाली काही सरकेल. काहीही झालं नाही. दुसरा ठोका पडला, मग तिसरा. समईची ज्योत सरळ होती. फुलपात्रातलं पाणी काठाच्या वर तसंच फुगून बसलं होतं. दहाव्या ठोक्याला मला वाटलं, की खाली काहीतरी अडकलंय, घर उचललंच जात नाहीये, आणि मी चिडून उठणार तेवढ्यात खिडकीबाहेर नजर गेली.

शेजारच्या गच्चीवर तिथल्या अक्का मिरच्या वाळत घालत होत्या. सकाळी खाली बसल्यावर मला गच्चीच्या कठड्यावर त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. आता खांदे दिसत होते. कठड्याआड कुठल्या तरी झाडाचा शेंडा होता, तो आता तुळस झाला होता. मी डोळे चोळले. अक्काही हातातल्या मिरच्या तशाच धरून आमच्या घराकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. आम्हा दोघींतलं कोण हलत होतं, ते नुसत्या डोळ्यांनी सांगता आलं नसतं. माझ्या शरीराला विचाराल तर मी पूर्ण थांबलेली होते आणि अख्खं जे. पी. नगर हळूहळू खाली चाललं होतं.

हे मी शिकवत होते! इतकी वर्षं ही एवढी मोठी गोष्ट मी एका वाक्यात उरकून मुलांना पुढच्या धड्यावर हाकलत होते. पंख्यासकट, कपाटासकट, आईच्या शिलाई मशीनसकट, आम्हा दोघांसकट सगळं घर आभाळाकडे चाललं होतं. त्याला खाली ओढणारं केवढं तरी बल आणि वर रेटणारं जवळजवळ तेवढंच, ही दोन बलं माझ्या पायाखाली एकमेकांना भिडून गप्प उभी होती, आणि त्या गप्पपणात अण्णा जप करत होते. घराला कळू न देणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मिस्त्री अकरावीही शिकला नसेल. पण झटक्याला किती भ्यायचं, हे त्याला माझ्याहून नीट माहीत होतं. मला रडू आलं, आणि अण्णांना दिसू नये म्हणून मी बाहेरच बघत राहिले.

दुपारी कधीतरी खालून फाडकन आवाज झाला. मिस्त्री जोरात ओरडला आणि ठोके थांबले. मी धावत सज्ज्यात गेले. एका जॅकखालची लाकडाची फळी फुटली होती, पण शेजारच्या जॅकांनी भार धरून ठेवला होता. मिस्त्रीनं वर बघून हातानंच खूण केली, की काही नाही. फळी बदलली. मी आत आले, तर अण्णा होते तसेच बसलेले होते, चेहरा मात्र पांढरा पडलेला. मी आधी फुलपात्राकडे पाहिलं. काठोकाठ भरलेलं होतं.

चारच्या सुमाराला ठोके थांबले. आठ इंच झाले होते. शेजारच्या अक्का आता मला कमरेपर्यंत दिसत होत्या आणि तुळशीची कुंडीही दिसत होती. मिस्त्रीची माणसं लगेच विटा घेऊन कोपऱ्यांना लागली आणि पाऊस यायच्या आत चारही कोपरे बांधून झाले. घराला एक चीरसुद्धा गेली नाही. मी अण्णांपुढं इतकी मिरवले, की आता आठवून लाज वाटते. एक थेंब सांडला नाही, बघितलंत ना, असं मी चार वेळा म्हणाले असेन. अण्णा हो-हो म्हणाले आणि जेवले नाहीत.

चौथा दिवस त्यांनी मूर्तीसमोरच काढला. गणपती बसल्यापासून ते जिना उतरलेच नव्हते, तो त्यांचा नेमच. पाचव्या दिवशी त्यांनी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या. आता मूर्ती सरकवायची. त्यांनी हात पुढं केले आणि मागं घेतले.

"त्या दिवशी एक थेंब सांडला होता," ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. फळी फुटल्याचा आवाज झाला तसे ते दचकले, उठायला गेले आणि त्यांचा गुडघा चौरंगाला लागला. पाणी सांडलं. मी सज्ज्यात होते तेवढ्यात त्यांनी उपरण्यानं चौरंग पुसला आणि पळीनं पाणी घालून फुलपात्र पुन्हा भरलं. घर थांबू नये म्हणून. प्रयोगवहीत खोटी निरीक्षणं लिहिणारी किती मुलं मी पकडली असतील. पण हा उपद्व्याप माझ्या नाकाखाली अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं केला होता, आणि ज्या चौरंगाला माझा नुसता परकर लागल्यावर त्यानं मला दिवसभर खोलीत येऊ दिलं नव्हतं, त्याच चौरंगापाशी.

"घरानं नाही हालवला. मीच हालवला असणार," अण्णा म्हणाले. "दोन दिवस मी रिकाम्या मातीची पूजा करतोय काय की. तू शिकवतीस ना? सांग मला."

त्यांचे डोळे भरले होते. नाही हो अण्णा, असं म्हणून त्यांना थोपटणं सोपं होतं. ते मला जमलं नसतं आणि त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं. मी आधी खाली वाकून चौरंगाचे पाय पाहिले. पहिल्या दिवशी प्रत्येक पायाभोवती मी बारीक रांगोळी काढली होती. ती कुठंच मोडली नव्हती, म्हणजे चौरंग सरकलेला नव्हता. मूर्ती तांदळाच्या राशीवर होती आणि तिच्या बुडाशी वाहिलेली हळद चारी बाजूंनी सलग होती. तरी मी त्यावर निकाल दिला नाही.

मी फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरून ठेवलं आणि म्हटलं, "उत्तरपूजा झालीय. आता तुम्ही हलवू शकता. गुडघा जेवढ्या जोरानं लागला, आधी तेवढाच जोर लावून बघा."

मग त्यांनी बोटांच्या पेरांनी मूर्तीच्या बुडाला धक्का दिला. शेजारच्या फुलपात्रातलं पाणी शहारलं आणि काठावरून ओघळलं. मूर्ती होती तिथंच होती. त्यांनी तळहात लावून रेटलं, तरी नाही. पूजेच्या पाण्यानं ओलावलेल्या शाडूत रुतलेल्या तांदळांनी तिला धरून ठेवलं होतं. आजवर दर वर्षी त्यांनी मंत्र म्हणत दोन्ही हातांनी तिला सरकवलं होतं, पण किती जोर लागतो हे कधी पाहिलंच नव्हतं. आता त्यांनी गुडघे टेकले, दोन्ही हात लावले आणि अंगातला जोर लावला. तांदूळ करकरले आणि मूर्ती बोटभर सरकली.

त्यांनी हात तसेच ठेवले. "एवढा जोर लागतोय होय," ते म्हणाले.

"होय."

"म्हणजे आतापर्यंत होता."

मी मान हलवली. देव होता हे अण्णांना कळलं ते त्याला निरोप देताना, त्याच हातांनी. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण त्या क्षणी मी हात जोडले, आणि नक्की कशाला जोडले ते मला अजून सांगता येत नाही.

विसर्जन अंगणातल्या टाकीत करायचं होतं. मूर्ती मी घेतली. अण्णा पुढं, एका हातात घंटा आणि दुसरा हात कठड्यावर, पायऱ्या मोजत उतरायला लागले. सतरा झाल्या, विटांच्या सुरू झाल्या. बावीस म्हणून त्यांनी पुढचं पाऊल जमिनीसाठी टाकलं आणि ते अडखळले. जमीन तिथं नव्हती. अजून एक पायरी होती, ओल्या सिमेंटचा वास येणारी, गवंड्यानं परवा संध्याकाळी रचलेली.

ते कठडा धरून थांबले. मागं वळून त्यांनी वर घराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मूर्तीकडे.

"तेवीस," ते म्हणाले आणि उतरले.